पेणचा एक वाचक : कवि सतीश काळसेकर

पेण गांवाचें नांव महाराष्ट्रांतील घराघरांत भाद्रपदाच्या आधीं निघतें. शाडूची माती मळावी, सांच्यांत दाबावी, मूर्ति सुकली म्हणजे तिला रंग द्यावा, आणि अखेरीस कसलेल्या हातानें डोळ्यांची आखणी करावी, हा तेथील पिढीजात उद्योग. सांचा एकच, त्यांतून निघणाऱ्या मूर्ति शेंकडों. परंतु डोळे मात्र प्रत्येक मूर्तीचे हातानें काढावे लागतात. आणि एवढा खटाटोप ज्या वस्तूसाठीं, ती दीड दिवसांत, पांच दिवसांत, फार तर अनंत चतुर्दशीस पाण्यांत विरघळावयाची असते. कलाकृति चिरकाल टिकावी अशी सर्वत्र अपेक्षा. पेणची कला विरण्यासाठींच जन्मास येते.

ह्याच पेणमध्यें २४ जुलै २०२१ रोजीं कवि सतीश काळसेकर ह्यांचें निधन झालें. त्या वेळीं त्यांचें वय ७८ वर्षांचें होतें. बहुतेक वाचकांस ते साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालेले लेखक म्हणून ठाऊक होते. परंतु त्यांच्या वाङ्मयीन आयुष्याचा आरंभ पारितोषिकांच्या जगापासून फार दूर झाला होता. ज्यांना 'अनियतकालिकें' म्हणतात, तीं लहानशीं, ओबडधोबड, आज निघालीं तर उद्यां निघतीलच ह्याची हमी नसलेलीं प्रकाशनें हें त्यांचें पहिलें क्षेत्र. तीं टिकावीं असा कोणाचाच आग्रह नव्हता. मूर्ति विरावी तसे ते अंक विरले. मग त्या बंडांतून मराठी वाङ्मयाच्या हातीं काय उरलें? काळसेकरांच्या चरित्रांत ह्या प्रश्नाचें एक उत्तर सांपडतें, आणि तें अपेक्षेहून निराळें आहे.

पेण आणि रोहें हे शेजारचे तालुके. पूर्वीचा कुलाबा जिल्हा तो हाच. १९८१ सालीं त्याला रायगड हें नांव मिळालें. ह्या टापूला शब्दाचें वेड नवें नाहीं. पेण तालुक्यांतील गागोदें येथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबा भावे जन्मले. त्यांची 'गीताई' १९३२ सालीं प्रसिद्ध झाली, आणि त्याच सालीं धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं दिलेलीं गीतेवरचीं प्रवचनें साने गुरुजींनीं उतरून घेतलीं. चिंतामणराव देशमुख ह्यांचें बालपण रोह्यास गेलें. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांची कीर्ति. परंतु कालिदासाचें 'मेघदूत' मराठींत आणणारे रसिकही तेच. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० सालीं रोह्यास जन्मले, आणि गीता व उपनिषदें ह्यांवरील प्रवचनांतून त्यांनीं स्वाध्यायाचा मोठा परिवार उभा केला. ह्या तिघांनाही मॅगसेसे पारितोषिक मिळालें, तें अनुक्रमें १९५८, १९५९ व १९९६ सालीं.

तिघांचे व्यवसाय निराळे, परंतु शब्दाशीं असलेलें नातें एकाच जातीचें. आधीं एक वंद्य ग्रंथ आहे. त्याचा अर्थ किंवा रस लोकांपर्यंत पोंचवावयाचा आहे. आणि पोंचवणारानें स्वतः मागें उभें राहावयाचें आहे. काळसेकरांची वाट ह्याच्या अगदीं उलट टोंकापासून सुरू झाली. १९७१ सालीं आलेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहाचें नांव 'इंद्रियोपनिषद्' असें होतें. उपनिषद् म्हणजे गुरूच्या पायांशीं बसून ग्रहण करावयाचें, इंद्रियांच्या पलीकडचें ज्ञान. ह्या कवीनें तें इंद्रियांशींच जोडून दिलें. वंद्य ग्रंथ बाजूस राहिला, आणि डोळा, कान, त्वचा ह्यांना जें कळतें तेंच काय तें प्रमाण, असा दावा पुढें आला. त्या एका सामासिक शब्दांत एका सबंध पिढीचें भांडण सांठलेलें आहे. तें भांडण कोठून आलें हें पाहिल्यावांचून काळसेकरांचें उत्तरायुष्य समजावयाचें नाहीं.

काळसेकर मूळचे पेणचे नव्हत. १२ फेब्रुवारी १९४३ रोजीं मालवण तालुक्यांतील काळसें ह्या गांवीं त्यांचा जन्म झाला. तो भाग त्या काळीं रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. कोंकणांतील असंख्य कुटुंबांप्रमाणें त्यांचीही वाट मुंबईकडे वळली, आणि तेथें त्यांनीं अनेक वर्षें बँकेंत नोकरी केली. बंडखोर कवि म्हटला कीं घरदार सोडून भटकणारा कोणी फकीर डोळ्यांपुढें येतो. मराठींतील हे बंडखोर मात्र पुष्कळसे नोकरदार होते. अरुण कोलटकर जाहिरातींच्या धंद्यांत होते, कोणी कॉलेजांत शिकवीत होते, कोणी वर्तमानपत्रांत राबत होते. दिवस पोटासाठीं आणि रात्र कवितेसाठीं, असा त्यांचा हिशेब असे. त्यांच्या प्रकाशनांचा आकार, त्यांचें अनियमित असणें आणि त्यांचें अल्पायुष्य, हीं ह्या हिशेबावरूनच समजतात.

ज्या वृत्तीनें हे तरुण भारले होते तिला युरोपांत 'आव्हाँ-गार्द' असें नांव आहे. हा फ्रेंच शब्द मूळचा लष्करी. मुख्य सैन्याच्या पुढें जाऊन वाट काढणारी जी तुकडी, तिला मराठी फौजांत बिनी म्हणत. बिनीवाल्यांनीं पहिला मार खावा आणि मागच्यांना रस्ता मोकळा करून द्यावा. १९०९ सालीं मारिनेत्ती ह्या इटालियन कवीनें पॅरिसच्या एका वर्तमानपत्रांत आपला जाहीरनामा छापला, आणि पुढें वाक्यरचनेच्या बेड्यांतून शब्द मोकळे करण्याची भाषा सुरू केली. १९१६ सालीं, पहिलें महायुद्ध ऐन भरांत असतां, स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरांतल्या एका लहानशा नाट्यगृहांत ह्यूगो बाल ह्यानें अर्थ नसलेल्या ध्वनींच्या कविता म्हणून दाखविल्या. ज्या प्रौढ भाषेंत राष्ट्रांनीं तरुणांना खंदकांत धाडलें, त्या भाषेवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. त्या वेळेपासून शब्द हा केवळ अर्थाचें वाहन राहिला नाहीं. त्याचा आकार, त्याचा नाद, कागदावरची त्याची जागा, हेंही कलावंताचें द्रव्य झालें.

मराठींत ह्या वृत्तीचा पहिला ठळक धक्का बा. सी. मर्ढेकर ह्यांनीं दिला. त्यांचा 'कांहीं कविता' हा संग्रह १९४७ सालीं निघाला, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांतून ते निर्दोष सुटले. मर्ढेकर स्वतः आकाशवाणीच्या सेवेंत होते, म्हणजे उच्चारलेल्या शब्दाचें मोल जाणणारे होते. त्यांनीं इंग्रजी शब्द, यंत्रयुगांतील वस्तु आणि संतांची छंदरचना ह्यांना एकाच ओळींत बसविलें. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी : मर्ढेकरांनीं कवितेची भाषा मोडली, कविता प्रसिद्ध होण्याची रीति मोडली नाहीं. त्यांचें पुस्तक इतर पुस्तकांसारखेंच छापलें जाई व विकलें जाई. प्रसिद्धीची रीति मोडण्याचें काम पुढच्या पिढीनें अंगावर घेतलें.

१९५० नंतरच्या दशकांत, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदि तरुणांनीं मुंबईंत 'शब्द' नांवाचें चक्रमुद्रित प्रकाशन काढलें. चक्रमुद्रणाचें तंत्र साधें होतें. मेणाचा लेप दिलेला पातळ कागद घ्यावा. फीत काढलेल्या टंकलेखन-यंत्रानें किंवा टोंकदार लेखणीनें त्यावर अक्षरें कोरावीं. कोरलेल्या जागीं मेण सरकतें आणि शाईला वाट मिळते. मग तो कागद शाईच्या रुळावर चढवून दांडा फिरवावा कीं एकामागून एक प्रती निघूं लागतात. छापखान्यांत नागरी मजकूर जुळवावयाचा तर काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें मिळून शेंकडों खिळ्यांच्या केशी लागत. जुळाऱ्याची मजुरी, कागद, शाई ह्यांचा खर्च नवशिक्या कवीला झेपणारा नसे. मेणकागदावर स्वतःच्या हातानें लिहिलें कीं जुळारीही नको, प्रकाशकही नको आणि संपादकाची मर्जीही नको. शिवाय ओळ तिरकी करावी, अक्षर मोठें करावें, मध्येंच चित्र काढावें, ह्यास कोणाची आडकाठी नाहीं. पेणच्या कारखान्यांत सांच्यांतून निघालेल्या मूर्तीचे डोळे हातानें आखावे, तसें येथें यंत्रांतून निघणाऱ्या प्रतीवर कवीचा हात उमटत असे.

संपादकाची मर्जी हा मुद्दा महत्त्वाचा होता. त्या काळीं मराठी वाङ्मयांत 'सत्यकथा' मासिकाचा शब्द अखेरचा मानला जाई. हा अधिकार त्या मासिकानें कष्टानें मिळविला होता. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर ह्यांची नवकथा तेथेंच बहरली, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ह्यांच्यासारख्या संपादकांनीं मजकुरावर घेतलेली मेहनत अजूनही आदरानें सांगितली जाते. परंतु जें दार एकासाठीं उघडतें तें दुसऱ्यासाठीं बंद असतें. गिरणगांवांत, चाळींत, झोपडपट्टींत वाढलेल्या मुलांना तेथील अभिरुचि आपली वाटेना, आणि तेथील चाळणींतून आपलें जगणें खालीं गळून पडेल अशी त्यांची खात्री झाली. १९६३ सालीं अशोक शहाणे ह्यांनीं तत्कालीन मराठी वाङ्मयाची झाडाझडती घेणारा लेख लिहिला, आणि त्याच सुमारास 'असो' हें अनियतकालिक निघालें. अमेरिकन कवि ॲलन गिन्सबर्ग १९६२–६३ मध्यें हिंदुस्थानांत हिंडत होता व मुंबईच्या तरुण कवींशीं त्याच्या गांठी पडल्या होत्या. कलकत्त्यास १९६१ पासून 'भुकेल्या पिढी'च्या बंगाली कवींनीं गदारोळ उडविला होता, आणि १९६४ सालीं त्यांच्यापैकीं कांहींना अटकही झाली. मुंबईचें बंड एकटें नव्हतें.

पुढच्या दहा वर्षांत अशा प्रकाशनांचें पीक आलें. 'नियतकालिक' म्हणजे ज्याचा काळ नेमलेला तें. ह्यांनीं काळ नेमण्याचेंच नाकारलें, म्हणून तीं 'अनियतकालिकें'. 'तापसी', 'फक्त', 'चक्रवर्ती' ह्या अंकांच्या संपादनांत काळसेकरांचा हात होता. हीं नांवेंच पाहावीं : 'असो', 'येरू', 'फक्त'. 'मनोरंजन', 'रत्नाकर', 'ज्योत्स्ना' अशा जुन्या मासिकांच्या नांवांत वाचकाला दिलेलें एक गोड आमंत्रण असे. ह्या नांवांत तें नाहीं. अंकाचा आकार ठरलेला नाहीं, किंमत बहुधा नांवापुरती, जाहिराती नाहींत, वर्गणीदार थोडे. खर्च बहुशः संपादकांच्याच खिशांतून जाई, आणि खिसा रिकामा झाला कीं अंक थांबे. तो थांबणें हा पराभव मानला जात नसे. दुसऱ्या गल्लींत, दुसऱ्या नांवानें, दुसरा अंक निघत असे.

१९६९ सालीं राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनीं 'सत्यकथे'चा अंक जाहीरपणें जाळला. त्या प्रसंगाची पुष्कळ चर्चा झाली. अक्षरें जाळणें हें कोणत्याही कारणास्तव समर्थनीय नाहीं, असें अनेकांना तेव्हांही वाटलें आणि आजही वाटतें. दुसऱ्या बाजूनें, ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतकें अक्षरापासूनच दूर ठेवलें, त्यांच्या संतापाला सभ्य शब्दांत मांडण्याचा उपदेश करणें सोपें आहे. ज्या टीकेनें हा वणवा पेटला ती टीका मात्र वाचण्याजोगी होती, आणि ती एका अनियतकालिकांतच छापली गेली. 'सत्यकथा' पुढें १९८२ सालीं बंद पडली, तोंपर्यंत अनियतकालिकांचा बहरही ओसरला होता. जिच्याविरुद्ध उभें राहावयाचें ती भिंतच नाहींशी झाली म्हणजे बंडखोराची खरी कसोटी लागते.

ह्या उद्योगांतून जी कविता आली तिनें मराठीचा नकाशा बदलला, ह्यांत शंका नाहीं. 'इंद्रियोपनिषद्' १९७१ मधलें. १९७२ सालीं नामदेव ढसाळ ह्यांचा 'गोलपिठा' निघाला, आणि मुंबईच्या अधोविश्वांतील शब्द कोशांत नसतांनाही काव्यांत आले. १९७७ सालीं 'अरुण कोलटकरच्या कविता' हें पुस्तक अशोक शहाणे ह्यांच्या प्रास प्रकाशनानें काढलें. परंतु चळवळ म्हणून जी कांहीं होती ती आतां पांगली. कांहीं जण राजकारणांत गेले, कांहीं प्राध्यापक झाले, कांहीं व्यसनांत संपले, आणि कांहीं आपल्याच दंतकथेवर जगत राहिले.

जे काम करीत राहिले त्यांच्याकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट दिसते. त्यांनीं बंडाच्या आरोळीपेक्षां बंडाचें साधन जपलें. रघुनाथ कृष्ण जोशी, ज्यांना सारे आर. के. जोशी म्हणत, हे १९३६ सालीं जन्मले व २००८ सालीं वारले. अक्षराच्या आकारांतूनच कविता घडवावी हा त्यांचा तरुणपणचा ध्यास. तेव्हां तो पुष्कळांस चाळा वाटला असेल. परंतु ह्याच जोशींनीं पुढें मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत अक्षररचना शिकविली, आणि संगणकावरील 'मंगल' ह्या नागरी अक्षरसंचाचें रेखाटन केलें. ज्या माणसानें कवीचें नांवही ऐकलें नसेल, त्याच्या अर्जांत आणि पत्रांत त्या कवीच्या हातचें वळण वर्षानुवर्षें उमटत राहिलें. अशोक शहाणे ह्यांनीं ग्रंथाची घडण जपली. कोणत्या कवितेला कोणता कागद, केवढें पान आणि कोणती अक्षरें शोभतात, ह्याचा विचार करून त्यांनीं पुस्तकें काढलीं. जोशींनीं अक्षर जपलें, शहाण्यांनीं पुस्तक जपलें. काळसेकरांच्या वांट्यास आलें तें वाचन.

वाचन हें कलावंताचें साधन आहे असें सहसा कोणी मानीत नाहीं. लिहिणारा तो कर्ता, वाचणारा तो गिऱ्हाईक, अशी रूढ समजूत. अनियतकालिकांच्या व्यवहारांत मात्र हा भेद टिकणें शक्य नव्हतें. ज्या अंकाला दुकान नाहीं आणि जाहिरात नाहीं, तो हातोहात जातो. एकानें वाचावा आणि दुसऱ्याला द्यावा, दुसऱ्यानें त्यावर भांडावें आणि पुढचा अंक काढावा. तेथें वाचक हाच वितरक, वाचक हाच टीकाकार आणि वाचक हाच उद्यांचा लेखक. काळसेकरांनीं ही रीति चळवळ ओसरल्यानंतरही सोडली नाहीं. 'साक्षात्' हा त्यांचा दुसरा संग्रह १९८२ सालीं आला, तिसरा 'विलंबित' १९९७ सालीं. २६ वर्षांत तीन संग्रह; मधलीं अंतरें ११ वर्षांचीं आणि १५ वर्षांचीं. ह्या तीन नांवांतही एक प्रवास दिसतो. आधीं इंद्रियांचा उद्घोष, मग समोर उभें राहून पाहणें, आणि शेवटीं गवयाची संथ लय. लिहिण्याची घाई नसलेल्या ह्या माणसाचा उरलेला वेळ कोठें जात होता, ह्याचा उलगडा त्यांच्या इतर कामांत होतो.

मुंबईंतील लोकवाङ्मय गृह ह्या डाव्या विचारांच्या प्रकाशनसंस्थेशीं त्यांचा दीर्घकाळ संबंध होता. तेथून निघणाऱ्या 'आपलें वाङ्मय वृत्त' ह्या पत्रिकेचें संपादन त्यांनीं केलें. हिंदी कवि अरुण कमल ह्यांच्या कविता त्यांनीं 'नव्या वसाहतींत' ह्या नांवानें मराठींत आणल्या. नामदेव ढसाळ ह्यांच्या निवडक कवितांचें 'मी भयंकराच्या दरवाजात उभा आहे' हें पुस्तक त्यांनीं प्रज्ञा दया पवार ह्यांच्यासमवेत संपादिलें. ह्यांतील एकही काम स्वतःचें नांव मोठें करणारें नाहीं. दुसऱ्याचा शब्द निवडावा, तपासावा, नीट छापावा आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्या हातीं द्यावा, हें तें काम. गागोद्याच्या विनोबांनीं गीता आणि रोह्याच्या देशमुखांनीं मेघदूत ज्या वृत्तीनें मराठी माणसाच्या हातीं दिलें, ती वृत्ति आणि ही वृत्ति ह्यांत आतां फारसें अंतर राहिलें नाहीं. फरक एवढाच कीं येथें हातीं दिलेली संहिता प्राचीन आणि वंद्य नव्हती. ती कालपरवां रस्त्यावर जन्मलेली होती.

'आपलें वाङ्मय वृत्त' मधील त्यांचें सदर पुढें 'वाचणाऱ्याची रोजनिशी' ह्या नांवानें पुस्तकरूपानें आलें, आणि २०१३ सालीं त्याला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. हें पुस्तक समीक्षेचें नाहीं आणि आत्मचरित्राचेंही नाहीं. पुस्तकें कशीं सांपडलीं, कोणीं वाचावयास दिलीं, कोणत्या लेखकाचें वाचतां वाचतां कोणता दुसरा आठवला, अशा नोंदींची ती वही आहे. नांवांतील शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. 'लेखकाची' रोजनिशी नव्हे, 'समीक्षकाची'ही नव्हे, 'वाचणाऱ्याची'. ज्यानें पहिल्या संग्रहाला उपनिषदाचें नांव देऊन गुरूचें आसन नाकारलें, त्यानें चाळीस वर्षांनीं स्वतः मात्र ऐकणाराचेंच आसन पत्करलें.

येथें एक आक्षेप संभवतो. अकादमी, पारितोषिकें, समारंभ ह्या सर्वांना ज्यांनीं तरुणपणीं तुच्छ मानलें, त्यांनीं म्हातारपणीं तीं स्वीकारावीं, हा बंडाचा शेवट म्हणावयाचा काय? कित्येकांच्या बाबतींत तसें म्हणतांही येईल. काळसेकरांच्या बाबतींत परिस्थिति थोडी निराळी आहे. पारितोषिक त्यांच्या कवितेला मिळालें नाहीं. तें वाचनाच्या नोंदींना मिळालें. सरकारमान्य संस्थेनें ज्या पुस्तकाचा गौरव केला त्या पुस्तकाचा विषय कीर्ति हा नव्हता, कीर्ति नसलेल्या अक्षरांची आठवण ठेवणें हा होता. ज्यांना ग्रंथालयांनीं कधीं फळींवर जागा दिली नाहीं, त्या अंकांची आणि त्यांच्या कर्त्यांची वही अकादमीच्या यादींत जाऊन बसली. बंडखोर आंत गेला हें खरें. परंतु जातांना तो आपली माणसें बरोबर घेऊन गेला.

उत्तरायुष्यांत काळसेकर पेणला राहत. मुंबईच्या गर्दीपासून दूर, तरी रेल्वेनें व महामार्गानें मुंबईशीं जोडलेलें हें गांव. पेणपासून रोह्यापर्यंत कारखाने वाढले, शेतांवर वसाहती उठल्या, आणि हा सारा पट्टा मुंबईचें अंगण बनूं लागला. मूर्तींचे कारखाने मात्र आपल्या गतीनें चालत राहिले. मूर्ति विरते म्हणून तेथील कोणी कारागीर खंत करीत नाहीं, कारण सांचा घरांत आहे आणि डोळे आखणारा हात मुलाच्या हातांत उतरला आहे. वस्तु जावी आणि विद्या राहावी, हा त्या धंद्याचा नियम. मराठींतील अनियतकालिकांना हा नियम कितपत लागू पडला?

ह्याचें प्रामाणिक उत्तर अर्धेंच समाधानकारक आहे. विद्या राहिली, अक्षर, पुस्तक आणि वाचन ह्या तिन्ही वाटांनीं ती पुढें गेली. परंतु खुद्द अंकांचें काय? ते स्वस्त कागदावर निघाले. लांकडाच्या लगद्यापासून केलेल्या अशा कागदांत लिग्निन नांवाचें द्रव्य राहून जातें. उजेड आणि हवा लागली कीं तो पिवळा पडतो, आणि कागदांतील आम्लामुळें त्याचे तंतू तुटत जाऊन तो घडीवर मोडूं लागतो. त्यांत कोंकणची व मुंबईची दमट हवा, वाळवी आणि जागेची टंचाई. वर्गणी भरून मागवावे असे हे अंक नसल्यामुळें ग्रंथालयांत त्यांच्या पूर्ण फाइली सहसा मिळत नाहींत. ज्यांनीं ते काढले आणि ज्यांनीं ते वाचले, अशा माणसांच्या पेट्यांत, माळ्यांवर आणि कपाटांच्या तळाशींच ते असावयाचे. ती माणसें एकेक करून निघून चाललीं आहेत. आर. के. जोशी, ढसाळ, कोलटकर, चित्रे, राजा ढाले, काळसेकर. इतिहासाला साक्ष देणारीं हीं नांवें पाहतां पाहतां इतिहासांत जमा होत आहेत.

शहरांतल्या सुशिक्षित घरांत जुनी रद्दी काढण्याचा दिवस वर्षांतून एकदां तरी येतो. वडिलांच्या किंवा काकांच्या ट्रंकेंत, लग्नपत्रिका आणि वीजबिलें ह्यांच्यामध्यें, वेड्यावांकड्या अक्षरांत लिहिलेलीं, टांचण्या गंजलेलीं चार-आठ पानें सांपडूं शकतात. वर 'अंक पहिला' असें लिहिलेलें असेल आणि दुसरा अंक निघालाच नसेल. वजनावर विकतां त्यांचे कांहीं आणेही येणार नाहींत. तीं पानें बाजूस काढावीं, उजेडापासून दूर ठेवावीं, कोण्या ग्रंथालयाला किंवा अभ्यासकाला दाखवावीं. काळसेकरांनीं आयुष्यभर केलें तें ह्याहून वेगळें नव्हतें. ज्याचें मोल अजून ठरलें नाहीं असें एखादें पान आधीं थांबून वाचणें, आणि मग त्याची नोंद करून ठेवणें, एवढेंच तें काम. आणि तें करण्यासाठीं कवि असण्याची आवश्यकता नाहीं.